डाव्या खांद्याची रायफल

नोव्हेंबरची पंधरा तारीख आली की आमच्या टेस्ट लॅबमधली माणसं नाहीशी व्हायची. मी दोन हजार एक साली मिशिगनमधल्या नोव्हायला आले, गाड्यांच्या सीट्स बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर म्हणून. पहिल्याच वर्षी मी अजाणतेपणी त्या तारखेला सकाळची मीटिंग ठेवली. बाराजणांपैकी मी आणि एक चिनी सहकारी, असे दोघंच जण डोनटच्या खोक्यासमोर बसून राहिलो.

"सगळे गेले कुठे?" मी रिसेप्शनवरच्या बाईंना विचारलं.

"अगं, आज हरणांची शिकार सुरू झाली," त्या म्हणाल्या. दिवाळीला ऑफिस बंद का असतं, असं कुणी मला विचारलं असतं तर मीही त्यांच्यासारखंच बघितलं असतं.

त्या गायब होणाऱ्या माणसांत पुढे मीही सामील झाले, ती आमच्या लॅबमधल्या एका टेक्निशियनमुळे. वय साठीच्या आसपास, उंच, खांद्यात किंचित वाकलेले, खिशात कायम एक पट्टी आणि एक पेन्सिल. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणायचे. एकदा चुकून तोंडातून निघून गेलं आणि मग अर्थ सांगावा लागला. वडिलांचा भाऊ, पण तसा कुणाचाही. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे माझ्या टेबलावर एखादी चिठ्ठी ठेवली की खाली 'काका' अशी सही असायची, रोमन अक्षरांत आणि एक के जास्त घालून. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं. इथे मी ते मराठीत सांगते आहे.

एकदा मी सीटच्या खालचे बोल्ट आवळत होते. काका बाजूला उभे राहून बघत होते.

"तू डावखुरी आहेस," ते म्हणाले.

"हो."

"पण परवा वहीत उजव्या हाताने लिहीत होतीस."

अमेरिकेत आल्यापासून हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग मी त्यांना इचलकरंजीतल्या आमच्या घरातली गोष्ट सांगितली. मी चार वर्षांची असताना आई जेवायला बसवताना माझ्या डाव्या हाताला रुमालाची गाठ मारायची आणि तो हात मांडीखाली ठेवायला लावायची. प्रसाद डाव्या हाताने घेतला की तो परत ताटात जायचा. शाळेत बाईंनी पेन्सिल उजव्या हातात दिली आणि मी ती तशीच धरली. त्यामुळे मी जेवते उजव्या हाताने, लिहिते उजव्या हाताने. बाकी सगळं, म्हणजे पोळ्या लाटण्यापासून दगड मारण्यापर्यंत, डाव्याने.

काका म्हणाले, "माझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर पट्टीने मारायच्या. मी ऐकलं नाही." आणि मनगट वाकडं करून, कागद तिरका धरल्यासारखं करून, डाव्या हाताने हवेत सही करून दाखवली. त्यांच्या तळहाताच्या कडेला शाईचा जुना डाग होता.

मग त्यांनी मला दोन्ही हात पुढे करायला लावले, तळव्यांमध्ये एक छोटी खिडकी करायला सांगितली आणि तिच्यातून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लावलं. एक डोळा मीट, आता दुसरा. उजवा मिटला तरी घड्याळ जागेवरच राहिलं. डावा मिटला तर खिडकीबाहेर गेलं.

"डोळाही डावा," काका म्हणाले. "म्हणजे तुला रायफल डाव्या खांद्यालाच लावावी लागणार."

"मला रायफल लावायची गरजच काय?"

"मटण खातेस ना? मग एकदा येऊन बघ."

शिकारीची हौस मला कधी नव्हती. आमच्या घरात मटण मंडईतून पिशवीत यायचं आणि त्याच्या आधीचं काही आम्ही बघत नसू. पण परक्या देशात आपल्याला कुणीतरी आपल्या गोटात बोलावतंय, याचा मला फार आनंद झाला. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला आणि अंडंसुद्धा न खाणारा.

"यार, आपण व्हिसावर आहोत," तो म्हणाला. "न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर दिवस कसले चाललेत बघतेस ना? आणि तू बंदूक घेणार?"

त्याची भीती खोटी नव्हती. मी वेबसाइट वाचल्या, ऑफिसच्या वकिलांना विचारलं. नियम साधा निघाला. आमच्यासारख्या व्हिसावरच्या माणसाने शिकारीचं लायसन्स असल्याशिवाय बंदूक हातातही घ्यायची नाही, आणि लायसन्ससाठी आधी सुरक्षिततेचा कोर्स करायचा. नवऱ्याने दोन अटी घातल्या. सगळं कागदोपत्री हवं आणि रायफल आमच्या अपार्टमेंटमध्ये येणार नाही. दुसरी अट काकांनी लगेच सोडवली. त्यांच्या तळघरात कुलपाचं लोखंडी कपाट होतं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मी कोर्सला गेले. एका गावातल्या क्लबच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्यांवर बारा-तेरा वर्षांची मुलं बसलेली, आणि त्यांच्यात मी, बत्तीस वर्षांची. शेजारी वेण्या घातलेली एक मुलगी होती. तिने मला विचारलं, "तुम्ही कुणाची आई?" मी म्हटलं, "कुणाचीच नाही, मी शिकायला आलेय." तिने जरा विचार केला आणि मला तिची जास्तीची पेन्सिल दिली.

तिथे सरावासाठी लाकडी रायफली होत्या. शिकवणारे गृहस्थ भले होते, पण त्यांनी त्यातली एक माझ्या उजव्या खांद्याला लावून दिली. मी ती डाव्याला घेतली. त्यांनी हसून परत उजव्याला लावली. मी परत डाव्याला घेतली. तिसऱ्या वेळी त्यांनी नाद सोडला. परीक्षेत माझा एक प्रश्न चुकला, शेजारणीचा एकही नाही.

लायसन्स हातात आल्यावर काका मला रेंजवर घेऊन गेले, म्हणजे जिथे लक्ष्य लावून नेमबाजीचा सराव करतात त्या मैदानावर. आधी मुद्दाम त्यांच्या जावयाची उजवी रायफल दिली, अडचण काय असते ते कळावं म्हणून. बहुतेक शिकारी रायफलींना नळीच्या मागे एक दांडा असतो, त्याला बोल्ट म्हणतात. एक गोळी झाडली की तो वर उचलून मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवीन आत जातं. हा दांडा उजव्या बाजूला असतो. उजवा माणूस ज्या हाताने चाप ओढतो त्याच हाताने बोल्ट फिरवतो, रायफल खांद्यावरून हलत नाही. मला मात्र प्रत्येक वेळी डावा हात चापावरून काढून, रायफलीवरच्या दुर्बिणीच्या वरून पलीकडे न्यावा लागायचा. तेवढ्यात नळीचं तोंड आभाळाकडे जायचं, लाकडावर टेकलेला गाल सुटायचा. परत नेम धरेपर्यंत लक्ष्य कुठे होतं तेच आठवायचं नाही.

"पलीकडच्या सीटवर बसून गाडी चालवल्यासारखं वाटतंय," मी म्हटलं.

"मी अशी बारा वर्षं चालवली," काका म्हणाले. "डाव्या हाताची मिळायचीच नाही, मिळाली तर परवडायची नाही."

मग त्यांनी त्यांची जुनी रायफल दिली, चापाच्या खाली कडी असलेली. कडी खाली दाबून वर घेतली की गोळी बदलते. दोन्ही हातांना सारखीच. मला ती आवडली, पण ती जड होती आणि तिचा धक्का असा होता की दुसऱ्या दिवशी मला केस विंचरता येईनात. एका गोळीची मोडून उघडणारीही त्यांनी दाखवली. तीही कुठल्याही हाताला चालते. पण दुसरी गोळी घालायला वेळ लागतो, आणि नवशिक्याने पहिली गोळी चुकीच्या जागी मारली तर जनावर तडफडत राहतं. काका म्हणाले, "तुला दुसरी गोळी पटकन मिळायला हवी. तुझ्यासाठी नाही, हरणासाठी."

ऑगस्टमध्ये आम्ही दुकानात गेलो. भिंतभर रायफली. विकणाऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा काकांकडे, आणि काकांना विचारलं, "यांना काय दाखवू?"

"त्यांनाच विचारा," काका म्हणाले.

मी सांगितलं, डाव्या हाताची, बोल्टची, कमी धक्क्याची. त्याने आत जाऊन एक आणली. ती माझ्यासाठी इतकी लांब होती की गाल टेकवला तर दुर्बिणीत नुसता काळा गोल दिसायचा. त्याच्याकडे तेवढी एकच होती. मागवली तर कधी येईल ते सांगता येत नव्हतं. मग तो अगदी मायेने म्हणाला, "तुम्ही नवीनच आहात. सवय लागलेली नाही. आत्ताच उजव्या बाजूने शिकून घ्या ना. आयुष्यभराची कटकट मिटेल. पुष्कळ डावखुरे तसंच करतात."

तो वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं. चार वर्षांची असताना मी हे ऐकलं होतं, सहाव्या वर्षीही ऐकलं होतं, आणि दोन्ही वेळा मुकाट मान डोलावली होती. "नको," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. बाजूचे दोघंतिघं वळून बघायला लागले. "मला डावीच पाहिजे. थांबायला लागलं तर थांबेन."

बाहेर गाडीत बसल्यावर काकांनी किल्ली फिरवली. मग म्हणाले, "त्या सिस्टरांसमोर तू असायला हवी होतीस."

रायफल शेवटी रेंजच्या फळ्यावरच्या एका कागदावरून मिळाली. कुणीतरी आपल्या डावखुऱ्या मुलीसाठी घेतली होती. मुलगी कॅलिफोर्नियात गेली आणि परत काही येईना. दोनशे त्रेचाळीसची गोळी, म्हणजे छोटी आणि धक्का सोसण्याजोगी. बोल्ट डाव्या बाजूला. सुरक्षेचं बटण वर मधोमध, अंगठ्याखाली. मी खांद्याला लावली, बोल्ट उचलला, मागे ओढला, पुढे ढकलला. हात जिथे जात होता तिथेच ती वस्तू होती. एवढंच. पण मला इतकं हसू यायला लागलं की विकणाऱ्या गृहस्थांना वाटलं काहीतरी बिघडलंय.

खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता मात्र अजून थोडा लांब होता. काकांनी तो त्यांच्या गॅरेजमध्ये शिकंज्यात धरला, माझ्या कोपरापासून बोटापर्यंतचं माप तीन वेळा घेतलं, लाकडावर चिकटपट्टी लावली आणि पाऊण इंच कापला. कापताना त्यांचा श्वास ऐकू येत होता. माझा थांबला होता. वर रबराची गादी बसवली आणि म्हणाले, "आता ही दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही."

पहिल्या वर्षी मला काहीच मिळालं नाही. काकांची एक कॅबिन होती, उत्तरेला साडेतीन तासांवर, पाइनच्या जंगलात. केशरी टोपी आणि केशरी जाकीट घालून मी पाच दिवस एका फळकुटाच्या खोपीत बसले. खारी पाहिल्या, रानटर्की पाहिल्या, पायांची बोटं बधिर होताना पाहिली. एकदा हरीण दिसलं, तेव्हा मी डब्यातला पराठा खात होते. संध्याकाळी काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, कॅबिनमध्ये सूप केलं आणि सगळ्यांनी माझ्या पराठ्याची गोष्ट मला चार वेळा सांगायला लावली.

दुसऱ्या वर्षी, दोन हजार चारला, काकांनी मला बसायची जागा बदलून दिली. डाव्या खांद्याच्या माणसाला उजवीकडे वळणं सोपं जातं, डावीकडे वळायला सगळं अंग फिरवावं लागतं. म्हणून त्यांनी एक अशी जागा शोधली होती जिथे हरणांची वाट उजवीकडून यायची. आदल्या महिन्यात तिथे जाऊन आडव्या फांद्याही तोडून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन झाडांच्या शेंड्यांवर आल्यावर, तो आला. लहान नर, शिंगांना दोन-दोन टोकं. पाऊल टाकायचा, थांबायचा, कान फिरवायचा. मी रायफल उचलली, अंगठ्याने बटण पुढे सरकवलं. खांद्याच्या मागे, पायाच्या रेषेत, मधल्या उंचीला. काकांनी शंभरदा सांगितलेली जागा. चाप ओढला. तो उडाला, तीस-चाळीस पावलं धावला आणि थांबला. डोकं खाली गेलं. माझ्या हाताने आपोआप बोल्ट मागेपुढे केला होता, गाल जागचा हलला नव्हता, तो अजून दुर्बिणीत होता. दुसरी गोळी मी झाडली. तो जागीच बसला.

काका माझ्या जवळच्याच टेकाडापलीकडे होते, आवाज ऐकून आले. मी त्या हरणापाशी उकिडवी बसले होते आणि रडत होते. त्याच्या अंगावर बर्फाचे कण पडत होते आणि ते वितळत होते.

"पहिली गोळी बरोबर लागली होती," काकांनी बघून सांगितलं. "दुसरी मारलीस ते चांगलं केलंस. त्याला वाट बघावी लागली नाही."

मी विचारलं, "तुम्हाला आता रडू येत नाही?"

"रडू नाही येत. पण टोपी काढतो." त्यांनी टोपी काढली. थोड्या वेळाने सुरी काढली आणि मला पोट कसं उघडायचं ते दाखवलं. सुरीही मी डाव्याच हातात धरली. वाफ येत होती. मंडईतल्या पिशवीच्या आधीचं सगळं मी त्या सकाळी पाहिलं.

दोन हजार पाचच्या सप्टेंबरात आई आली, सहा महिन्यांसाठी. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच इतकी लांब येत होती. फ्रीजरमध्ये आदल्या नोव्हेंबरपासून जपून ठेवलेलं हरणाचं मांस होतं. फोनवर मी तिला शिकारीचं सांगितलं होतं, पण तिने ते बहुधा गंमत म्हणून सोडून दिलं होतं. आता पुडकं हातात घेऊन तिने विचारलं, "हे तू मारलंस? खरंच?"

"खरंच."

"एकटीने?"

"एकटीने."

तिने पुडकं उघडून वास घेतला आणि म्हणाली, "चरबी नाही याला. कांदा-खोबरं जास्त घालावं लागेल." त्या रविवारी तिने काका-काकूंना जेवायला बोलवायला लावलं आणि तांबडा रस्सा केला. काकांच्या कपाळावर घाम आला, नाक गळायला लागलं, तरी त्यांनी वाटी तीनदा पुढे केली. नवरा शेजारी बसून वरणभात जेवत होता आणि दोन्ही बाजूंचं भाषांतर करत होता.

"तुमच्या लेकीचा नेम फार चांगला आहे," काका म्हणाले.

"मला टोमणे मारतानाही तिचा नेम चुकत नाही," आई म्हणाली, आणि नवऱ्याने भाषांतर करायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. ते त्याने गाळलं.

पुढच्या शनिवारी आईला रेंज बघायची होती. ती कानांवर मोठे हेडफोनसारखे मफ लावून, साडीवर माझं जाकीट घालून बाकावर बसली. मी पाच गोळ्या झाडल्या. कागद आणायला गेले आणि परत आले तर काका तिला हातांची खिडकी करायला शिकवत होते, खाणाखुणांनी. आई त्या खिडकीतून लांबच्या खांबाकडे बघत होती. एक डोळा मिटला, मग दुसरा.

"डावा," काका मला म्हणाले. "तुझी आईसुद्धा."

मला वाटलं तिची चूक झाली. मी तिला परत करायला लावलं. परत डावाच.

"आई, तू पण डावखुरी होतीस?"

"असेन," ती म्हणाली. "मला कुठे कुणी विचारलं? माझ्या आजीने हातावर चटका दिला होता, एवढं आठवतं. तेव्हापासून उजवाच." तिने पदर नीट केला. "म्हणून तर तुला रुमाल बांधला गं. चटका नको म्हणून. मला वाटलं, रुमालाने काय दुखतंय?"

इतकी वर्षं तो रुमाल मी तिच्याविरुद्ध जपून ठेवला होता. काकांना मराठी येत नव्हतं, पण काय चाललंय ते त्यांना कळलं असावं, कारण ते उगाचच लांबच्या लक्ष्यांकडे जाऊन खिळे तपासायला लागले. मी आईच्या शेजारी बसले. तिने माझा डावा हात हातात घेतला, चापाच्या बोटावर पडलेला घट्टा चाचपला आणि विचारलं, "याला तेल लावतेस का नाही?"

दोन हजार सातच्या वसंतात काकांच्या डाव्या खांद्याचं मोठं ऑपरेशन झालं. ते तोवर रिटायर झाले होते. हात हलायला लागला, पण डॉक्टरांनी बजावलं की या खांद्याला पुन्हा धक्का बसता कामा नये. रायफल बंद. काकूंनी मला फोन केला. "ते गॅरेजमध्ये जातात आणि नुसते बसतात," त्या म्हणाल्या. "तू येऊन जा."

मी गेले. काका कपाटातली त्यांची डाव्या बोल्टची रायफल पुसत होते, विकायला काढायची म्हणून.

"उजव्या खांद्याने शिका," मी म्हटलं.

"साठ वर्षं लोक मला हेच सांगत आलेत," ते इतक्या जोरात ओरडले की काकू दारात आल्या. "तूसुद्धा?"

"त्यांना शिकवता येत नव्हतं," मी म्हटलं. "मला येतं. माझं उजव्या हाताचं शिक्षण झालंय."

पुढच्या शनिवारी जावयाची उजवी रायफल टेबलावर काढून ठेवलेली होती, रिकामी.

मी त्यांना गोळीपर्यंत येऊच दिलं नाही. पहिला महिना नुसती उचलायची, उजव्या खांद्याला लावायची, खाली ठेवायची. त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावला, म्हणजे डावा डोळा मध्ये येणार नाही. ते शिव्या द्यायचे, मी मोजत राहायचे. लिहायला शिकताना माझं जे झालं होतं तेच त्यांचं होत होतं. डोक्याला समजत होतं, पण डाव्या हाताचं बोट चाप शोधत मागे यायचं. शेवटी मी त्यांच्या डाव्या हातात लोकरीचा जाड मोजा घातला, बोटं एकत्र बांधलेला, म्हणजे त्या हाताने फक्त पुढून आधार द्यायचा. मोजा चढवताना मी चपापले. त्यांच्या ते लक्षात आलं.

"घाल," ते म्हणाले. "हात मी पुढे केलाय."

ऑक्टोबरात त्यांचे पाचपैकी चार नेम ताटलीएवढ्या गोलात पडायला लागले. नोव्हेंबरात आम्ही दोघं एकाच खोपीत बसलो. आता ते उजवे होते, त्यांना डावीकडे वळणं सोपं. मी डावी, मला उजवीकडे. म्हणून ते डावीकडे बसले, मी उजवीकडे. दोघांत मिळून सगळं जंगल आमच्या ताब्यात होतं, असं काका कुजबुजले.

दुपारच्या आधी त्यांच्या बाजूने एक नर आला. काकांनी रायफल सावकाश उजव्या खांद्याला लावली, अगदी मी शिकवली तशी. गोळी सुटली आणि हरणाच्या वरून एका बर्चच्या बुंध्यात बसली. हरीण गोंधळून तिथेच उभं राहिलं. दुसऱ्या गोळीला भरपूर वेळ होता. काकांचा मोज्यातला डावा हात रायफलीच्या डाव्या बाजूला बोल्ट शोधत फिरायला लागला. वर, खाली, पुढे. तिथे बोल्ट नव्हता. "कुठे गेला?" ते पुटपुटले. "पलीकडे!" मी म्हटलं. "पलीकडे कुठे?" हरणाने आमच्याकडे बघितलं, शेपटी वर केली आणि चालत, पळतसुद्धा नाही, चालत निघून गेलं.

माझी रायफल मांडीवर होती. मी ती उचलूच शकले नाही, कारण हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काका आधी चिडले, मग त्यांनाही आवरेना. खांदा धरून ते हसत राहिले, आणि मी त्यांना हसू नका, खांदा दुखेल, असं सांगत हसत राहिले.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात आमची लॅब बंद झाली आणि नवऱ्याला मिनेसोटात काम मिळालं. आम्ही ईडन प्रेरीला आलो. त्या नोव्हेंबरात, सुट्टीच्या एका सकाळी, काकांचा फोन आला. मागे भांड्यांचे आवाज येत होते.

"मादी," ते म्हणाले. "एकच गोळी. उजव्या खांद्याने."

मी ओरडले. नवरा खोलीतून धावत आला.

"तुझं काय?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं, या भागात वस्ती दाट म्हणून हरणासाठी रायफल चालत नाही, शॉटगन लागते, आणि डाव्या हाताची मला अजून मिळालेली नाही. दुकानदार उजवी घ्या म्हणतोय.

"मग तू काय म्हणालीस?"

"थांबेन म्हणाले."

"बरं केलंस. मी इथल्या लोकांना विचारून ठेवतो." मागून काकूंनी हाक मारली. त्यांनी कलेजी कांद्यावर टाकली होती आणि ती कडक होत चालली होती. काका म्हणाले, आता जातो, नाहीतर ही मला बाहेर बर्फात जेवायला बसवेल, आणि फोन ठेवला.